तारेचं दुसरं टोक

आधीच सांगतो, ही घडलेली गोष्ट आहे. ज्याला पटणार नाही त्याने इथूनच मागे फिरावं. माझं काही अडलेलं नाही.

रात्र नव्हती. तुम्हा लोकांना भूत म्हटलं की रात्र लागते, वारा लागतो, लांब कुठेतरी रडणारं कुत्रं लागतं. इथे यातलं काही मिळणार नाही. गेल्या उन्हाळ्यातला मंगळवार होता. भर दुपार. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही.

आणि जागा म्हणजे माझ्या थोरल्या साडूचं गॅरेज.

साडू गाड्यांच्या काचा बसवतो. चाळीस वर्षं झाली. सगळे त्याला उस्ताद म्हणतात आणि त्यालाही ते पटलेलं आहे, हेच दुखणं. या माणसाने आयुष्यात कुणाचं काम चांगलं म्हटलेलं नाही. शेजारचा पंक्चरवाला गाढव, समोरचा रंगारी आंधळा, आणि बाकीचे काचवाले तर हात बांधून घरी बसवायच्या लायकीचे. मी त्याच्या लेखी कोण, ते इथे लिहीत नाही.

म्हणूनच त्याचं सांगणं मी खरं मानतो. थाप मारायची तर समोरच्याला थोडी तरी किंमत द्यावी लागते. उस्ताद तेवढे कष्ट कुणासाठी घेत नाही.

तर त्या मंगळवारी दारात एक मिनीव्हॅन येऊन उभी राहिली. मागे काच नाही, नुसतं भगदाड. आणि स्टिअरिंगवर कोण, तर उस्तादचा एकुलता एक जावई.

उस्तादच्या तोंडाला पाणी सुटलं.

जावई दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा. हात लोण्यासारखे. उस्ताद त्याला जावईबापू म्हणायचा, अहो-जाहो करायचा, पण ते अशा सुरात की त्यापेक्षा शिवी परवडली. जावई बिचारा खाली मान घालून ‘हो मामा, नाही मामा’ करायचा.

खाली मान घालूनच त्याने सांगितलं. ही जुनी गाडी घेऊन चार महिने झाले. मागची काच तिसऱ्यांदा फुटली. पहिल्या दोन वेळा सासऱ्याच्या जिभेच्या भीतीने तो दुसरीकडे गेला. या वेळी बायको म्हणाली, आता बाबांकडेच जा.

फुटली कशी, असं उस्तादने विचारलं. आपोआप, असं जावई म्हणाला. गाडी अंगणात बंद उभी होती. आत कुणी नाही, जवळ कुणी नाही. तिन्ही वेळा दुपारी तीन ते चारच्या मधे.

“बापू,” उस्ताद म्हणाला, “काच आहे ती. अंडं नव्हे, दिवस भरले की फुटायला.”

जावई काहीतरी बोलणार होता. उस्तादने ऐकायला तोंड वळवलंच नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या. मागची काच फुटली की तिचा भुगा होतो. जाड मिठाच्या खड्यांसारखे दाणे. बाहेरून दगड बसला तर हे दाणे आत सांडतात आणि पुढे वर्षभर सीटच्या फटींतून निघत राहतात.

उस्तादने डिकी उघडली. आत धूळ होती. बिस्किटाचा चुरा होता. नातीची केसांची पिन होती.

काचेचा मात्र एक दाणा नव्हता...

म्हणजे काच आतून बाहेर गेली होती. तिन्ही वेळा.

उस्तादने याचा अर्थ लावला तो असा, की जावई शिडी नाहीतर कपाट कोंबताना काच फोडतो आणि कबूल करायला लाजतो. तुच्छता ही मोठी सोयीची चीज आहे. ती असली की पुढचा विचार करावा लागत नाही.

त्याने काम सुरू केलं. कामात त्याला नावं ठेवता येत नाहीत, माझ्यासारख्यालाही नाही. आधीच्या दोघा काचवाल्यांची काच चिकटवायची पेस्ट त्याने शिव्या देत खरवडून काढली. पत्रा पुसला, नवी पेस्ट एका दमात चारी बाजूंनी ओढली, रबरी वाट्यांनी काच उचलून जागेवर ठेवली. वरून टेपच्या सहा पट्ट्या मारल्या. पुढच्या दाराची काच दोन बोटं खाली ठेवली. पेस्ट ओली असताना हवा आत कोंडली तर ती काच बाहेर ढकलते, म्हणून ही फट लागते.

जावयाला त्याने घरी पिटाळलं. गाडी सकाळपर्यंत इथेच राहील म्हणाला.

तीन वाजले.

उस्ताद स्टुलावर बसून हात पुसत होता. गॅरेजमध्ये दुसरं कुणी नव्हतं.

आधी टेप वाजली. चर्रर्र...

त्याने पाहिलं. सहाच्या सहा पट्ट्या ताणल्या होत्या. काच हलत होती. हळूहळू... बाहेरच्या बाजूला.

तो धावला आणि दोन्ही तळहात काचेवर टेकवून उभा राहिला.

आतून कुणीतरी ढकलत होतं.

धक्का नव्हे. मार नव्हे. अंगाचं वजन टाकून, दम खात खात दार लोटावं, तसं. आत सीट दिसत होती, गालिचा दिसत होता, पुढच्या खिडकीची दोन बोटांची फट दिसत होती.

माणूस दिसत नव्हता...

दुसरा कुणी असता तर पळाला असता. उस्तादला राग आला. त्याने बसवलेली काच हलते म्हणजे काय? त्याने पाय रोवले, आतल्या रिकाम्या जागेकडे बघून चार शेलक्या शिव्या हासडल्या, आणि सगळी ताकद लावून काच परत आत दाबली.

तासभर. तो बाहेरून, ते आतून.

चार वाजता जोर संपला. एकदम नाही. थकलेला माणूस खाली बसावा तसा.

उस्ताद जिंकला.

त्याने स्वतःला सांगितलं, उन्हाने हवा तापली असेल. फट ठेवलेली असताना हवा कोंडेल कशी, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. आणि ही गोष्ट तेव्हा कुणाला सांगितलीही नाही. हे लक्षात ठेवा. कुणालाही नाही.

काच पक्की बसली. एक आठवडा गेला, दोन गेले, फुटली नाही. उस्ताद येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागला की तीन काचांचं दुखणं त्याने एका दुपारात बरं केलं.

तिसऱ्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

बोलणं चिमीबद्दल होतं. चिमी म्हणजे नात, सहा वर्षांची. शाळेला सुट्टी होती. मुलगी सांगत होती की चिमी रोज दुपारी गाडीत जाऊन बसते. सगळ्यात मागे. दोन्ही हात काचेला लावून ढकलत राहते. उचलून आणली तर परत जाते. गाडीला कुलूप लावलं तर चावी शोधून काढते, कुठेही लपवा. तळहात सुजलेत, एक मनगट मुरगळलंय, तरी थांबत नाही. जेवणही सुटलंय. डॉक्टर म्हणाले, लक्ष दुसरीकडे वळवा.

उस्तादने डॉक्टरांची अक्कल काढली. मग विचारलं, ती स्वतः काय म्हणते?

मुलगी म्हणाली, ती म्हणते, मी मदत करतेय.

कुणाला?

“तेच विचारलं, बाबा,” मुलगी म्हणाली. “तर म्हणाली, आजोबांनी ज्याला आत ढकललं, त्याला.”

उस्तादने फोन ठेवला. हत्यारांची पेटी उचलली आणि भर उन्हात मुलीच्या घरी चालत गेला.

अंगणात गाडी उभी होती. मुलीने चिमीला आतल्या खोलीत धरून ठेवलं होतं. दाराबाहेर जावई.

उस्ताद म्हणाला, ही काच काढायची. जावयाला काही कळेना. इतकी चांगली बसलेली काच का काढायची, असं त्याने विचारलं. ज्या माणसाने जन्मभर असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना वेड्यात काढलं, त्या उस्तादच्या तोंडून खरं कारण निघणार कसं? पण आतून चिमीचं हुंदके देणं ऐकू येत होतं.

“मला भीती वाटते,” तो शेवटी म्हणाला.

जावई हसला नाही.

“मला पहिल्या काचेपासून वाटते, मामा,” तो म्हणाला. “तुम्ही विचारलंच नाही.”

चिकटवलेली काच अख्खी काढायची तर एक पोलादी तार लागते. ती पेस्टमधून आरपार घालतात. एक टोक बाहेर, एक आत, दोन्ही टोकांना लाकडी मुठी. एक माणूस बाहेर उभा, दुसरा गाडीत. करवत ओढावी तशी दोघांनी आळीपाळीने ओढायची. एकट्याचं हे काम नव्हे.

जावई म्हणाला, मी आत बसतो.

लोण्याचे हात. पण उस्ताद या वेळी काही बोलला नाही. त्याने टोच्याने भोक पाडलं, तार घातली, आत जाऊन मूठ बांधली, बाहेर येऊन डिकी लावली. जावई म्हणाला, हातमोजे घेऊन आलोच. उस्तादने मनात म्हटलं, हं, साहेबांना हातमोजे हवेत.

तो कोपऱ्यात वाकून तार सरळ करत होता. तेवढ्यात गाडी मागून किंचित दबली. कुणी चढून बसलं की दबते तशी.

तार ताणली गेली.

उस्तादने ओढली. आतून परत ओढली गेली. त्याने ओढली... परत.

काच आतून धुकटली होती. एवढ्या कोरड्या उन्हात. उस्तादला वाटलं, दोन हात मारले नाहीत तोच बापूंना धाप लागली. वाफेमुळे आतलं काही दिसत नव्हतं.

पण हात मात्र चांगला होता. घाई नाही, हिसका नाही. जिथे सैल सोडायची तिथे सैल, जिथे जोर तिथे जोर. खालची बाजू कापली गेली. उजवी गेली. वरची गेली. चाळीस वर्षांत उस्तादला असा जोडीदार मिळाला नव्हता. त्याला स्वतःच्याच मनाची लाज वाटली. या माणसाला आपण काय काय बोललो.

मग त्याने ते केलं, जे कधी कुणासाठी केलं नव्हतं.

“शाबास,” तो म्हणाला. “मी ओळखलंच नव्हतं तुम्हाला.”

तार थांबली.

“काय झालं, मामा?”

आवाज मागून आला.

जावई घराच्या पायरीवर उभा होता. हातात हातमोजे. म्हणत होता की उशीर झाला, चिमी हात सोडत नव्हती, आता कुठे डोळा लागला तिचा. मग त्याने कापलेली काच पाहिली आणि विचारलं, एकट्याने एवढी कशी कापली?

उस्तादच्या हातात मूठ होती.

गाडीचं बाजूचं दार सरकल्याचा आवाज आपण ऐकलाच नव्हता... हे त्याला तेव्हा सुचलं.

चौथ्या बाजूची वीतभर पेस्ट उरली होती.

आणि आतून तार ओढली गेली. एकदाच. हळूच. आता तुमची पाळी, म्हणावं तशी.

जावयानेही ते पाहिलं. पण तो पळाला नाही. पायरी उतरून आला, उस्तादच्या हातावर आपला हात ठेवला, आणि दोघांनी मिळून ओढली.

आतून परत.

बाहेरून.

आतून...

काच सुटली. दोघांनी ती धरून खाली ठेवली. वाफ कडेकडून विरत गेली. गाडी मागून हलकी झाली आणि वर उठली.

दोघांच्या मधून काहीतरी गेलं. वारा नव्हे. गर्दीत कुणी ‘सरका जरा’ न म्हणता खांदा घासून जावं, तेवढंच.

आत कुणी नव्हतं. सीटवर लाकडी मूठ पडली होती, घामाने ओली.

चिमी पाच वाजता उठली आणि जेवायला मागितलं. तळहात आठवड्यात बरे झाले. ती पुन्हा गाडीकडे गेली नाही, आणि काही विचारलं तर खेळायला पळते. गाडी विकणाऱ्याचा फोन कधी लागला नाही. मागची काच पुन्हा बसवलेली नाही. उघड्या पाठीची ती गाडी अंगणात गंजतेय, आणि गल्लीतले लोक म्हणतात, काचवाल्याच्या जावयाच्या गाडीला काच नाही. उस्ताद ऐकून घेतो.

ते कोण होतं, किती दिवस आत होतं, तीनदा काच फुटूनही आधीच का गेलं नाही, बाहेर पडून कुठे गेलं, कुणालाच माहीत नाही. मी सुचवलं की माहीतगार कुणाला विचारून बघू. उस्तादने माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प बसलो. तेवढा तो अजून शाबूत आहे.

जावयाशी मात्र आता नीट वागतो. कामाला जोडीला घेतो. लोण्याच्या हातांना घट्टे पडलेत.

पण परवा मी गॅरेजमध्ये बसलो होतो. दोघे एक काच काढत होते, जावई गाडीत, उस्ताद बाहेर. तार छान चालली होती. उस्तादने शाबास म्हणायला तोंड उघडलं... आणि मिटलं.

मूठ सोडून तो गाडीला वळसा घालून गेला आणि आत वाकून बघून आला.