साहेबाच्या चित्रात नसलेलं घर

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात आम्ही तिघं चित्रकार सांगलीहून एसटीनं साताऱ्याला निघालो. आमचे घडीचे स्टँड बघून कंडक्टरनं विचारलं, "सर्व्हेवाले काय?" हंबीरराव "व्हय" म्हणाले. ते लष्करात नकाशे काढून निवृत्त झालेले, त्यामुळे ते अगदीच खोटं नव्हतं. दुसरी गुणमाला चौगुले, एके काळची माझी विद्यार्थिनी, जलरंगात आता माझ्या पुढे गेलेली. तिसरा मी, नेमिनाथ मगदूम, शाळेत चित्रकला शिकवणारा.

थॉर्नली नावाचा एक इंग्रज चित्रकार शंभरेक वर्षांपूर्वी सातारा भागात हिंडून निसर्गचित्रं काढून गेला. त्याच्या एका चित्राची जुनी छापील प्रत सांगलीतल्या एका डॉक्टरांकडे होती. खाली कृष्णेचं वळण, पलीकडे दोन डोंगर, अलीकडे उतरता माळ, कडेला एक वड. एवढंच. पण ऊन कसं रंगवावं ते आम्ही तिघंही त्या चित्रासमोर बसून शिकलो होतो. त्याला मानवंदना म्हणून प्रदर्शन भरवायचं, आणि त्यासाठी तो बसला तिथंच बसून तोच देखावा काढायचा, ही कल्पना हंबीररावांची. नकाशांवरून जागाही त्यांनीच हुडकली.

त्या माळाखालच्या वाडीत त्यांचे पलटणीतले दोस्त सुभेदार लालासाहेब यांच्याकडे आम्ही उतरलो आणि सकाळी माळावर गेलो. हंबीररावांनी डॉक्टरांकडून मागून आणलेली प्रत समोर धरली. नदीचं वळण, डोंगर, वड, सगळं जुळलं. जास्तीचं होतं ते एक घर. उताराच्या मध्यावर, तांबड्या कौलांचं, पांढऱ्या मातीनं सारवलेलं.

"ते सोडायचं," हंबीरराव म्हणाले.

आम्ही रंग मांडतोय तोवर घराची मालकीण ताकाचा तांब्या घेऊन आली. बनुबाई तिचं नाव. पन्नाशीची, सडपातळ बाई. तिनं साहेबाचं चित्र मागून घेतलं आणि त्यातल्या मोकळ्या माळावरून बराच वेळ बोट फिरवलं.

"ह्यात हितली घरं न्हाईत," ती म्हणाली.

"तेव्हा नसतील," मी म्हणालो.

"जोती हायत की. आमचं घर मागनं बांधलं, पर ही त्याच्या आधीची. या, दावते."

तिच्या घराच्या आसपास गवतात घडीव दगडांची जोती होती. एकात तर चुलीचे दगडही तसेच मांडलेले होते. घरं कुणाची, असं मी विचारलं.

"कुनालाच ठावं न्हाई. माज्या आजेसासूला बी न्हवतं. मानूस मेलं तर नाव ऱ्हातं, मास्तर. गाव उठलं तर उठल्याचं तरी कुनी सांगतं. हितलं कोन कायबी सांगत न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाली, "सायबानं घेतलं न्हाई त्यातलं कायबी ऱ्हायलं न्हाई. माजं घर तेवढं घ्या चित्रात."

त्या दिवशी मी आणि गुणमालानं घर घेतलं. बनुबाई मधूनमधून येऊन आमच्या खांद्यावरून बघून जायची. हंबीररावांनी मात्र घराच्या जागी सरळ गवत भरलं. त्यांच्या मागं ती सगळ्यात जास्त वेळ उभी राहिली.

"दादा, एवढं सोडू नगा."

"बाई, हे साहेबाचं चित्र हाय. त्यात न्हाई ते मी कसं घालू?"

खरं सांगायचं तर मला त्या बाईचा संशय आला. जमिनीचा काही वाद असेल आणि हिला पुरावा म्हणून चित्र हवं असेल, असं वाटलं. संध्याकाळी मी लालासाहेबांना तसं विचारलं.

"बनुचा वाद? छे छे. लेक तिकडं सांगलीकडं दिली, नवऱ्यामागं एकली ऱ्हातीया बिचारी. कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई."

मग सोप्यात चित्रं मांडून आम्ही बोलत बसलो. कौलांचा तांबडा रंग सगळी नजर ओढून घेतो, साहेबाचा मोकळेपणा त्यानं मरतो, असं हंबीरराव म्हणाले. गुणमालाला ते पटलं. तिनं ओला स्पंज घेतला आणि घर पुसून टाकलं. मलाही पटलं होतं. पण माझं तैलरंगातलं काम. ओला रंग खरवडायचा म्हणजे सगळा उतार बिघडणार. मी ते सकाळवर टाकलं.

सकाळी माळभर दहिवर पडलं होतं. मी दोघांच्या मागून वर पोचलो.

उतारावर घर नव्हतं.

जळल्याचं नाही, पडल्याचं नाही. जोतं होतं, आणि जोत्याच्या मधोमध बोरीचं झाड. मांडीएवढ्या जाड खोडाचं.

"घर कुठं गेलं?" मी विचारलं.

गुणमाला पाण्याचं भांडं लावत होती. "कुठलं घर, सर?"

दोघं मिळून माझी थट्टा करताहेत असं पहिल्यांदा वाटलं. हंबीररावांना असल्या पलटणी गमती आवडायच्या. पण थट्टेसाठी कुणी बोरीचं झाड आणून लावत नाही. मी सगळी जोती फिरून आलो. बनुबाईला हाका मारल्या. हाका ऐकून लालासाहेब चढून आले.

"कोन बनुबाई?" ते म्हणाले. "ह्या माळावर कवा कुनी ऱ्हायलंच न्हाई."

"काल संध्याकाळी तुम्हीच म्हणालात, नवऱ्यामागं एकटी राहते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. हंबीररावांकडे बघितलं.

मी माझं चित्र उघडून त्यांच्यापुढं धरलं. तांबडी कौलं, पांढऱ्या भिंती. सगळं होतं. हंबीररावांचा चेहरा कडक झाला.

"मास्तर, आपलं काय ठरलं होतं? साहेबाच्या चित्रात मनाचं काही घालायचं नाही."

"मग गुणमाला, तू काल काय पुसलंस?"

तिनं आपला कागद वर धरला. उताराच्या मध्यावर फिकट डाग होता. कागदाचे तंतू उठले होते. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"कागदच खराब निघाला असेल," ती म्हणाली.

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली नाही.

जानेवारीत सांगलीला प्रदर्शन भरलं. माझं चित्र लावू नये असं दोघांचं म्हणणं होतं. मी हट्ट धरला, तेव्हा ते एका कोपऱ्यात टांगलं गेलं. रविवारी दुपारी माधवनगरच्या मिलमधला एक कामगार, भाऊसो, गर्दी बघून सहज आत शिरला. बरोबर त्याची बायको अंजना, कडेवर लहान मुलगी. तो पुढं गेला. ती माझ्या चित्रापाशी थांबली. नवऱ्यानं हाक मारली तरी हलली नाही. म्हणून मी जवळ गेलो.

"कुनाचं घर हे?" तिनं विचारलं.

"ओळखीचं वाटतं?"

"न्हाई." मग ती म्हणाली, "ह्याच्या परड्यात शेवगा हाय. आन् न्हाणीचा दगूड हालतोय. जपून पाय द्यावा लागतो."

त्या दिवशी मी हात धुवायला बनुबाईच्या घरामागच्या परड्यात गेलो होतो. शेवगा पाहिला होता. तो दगड माझ्याही पायाखाली कलंडला होता. यातलं काहीच चित्रात नव्हतं.

"तुमचं माहेर कुठलं?" मी विचारलं.

तिनं चटकन तोंड उघडलं, आणि ते तसंच राहिलं. ती नवऱ्याकडे वळली. "आवं, माजं म्हायार..."

भाऊसो परत येऊन हसला. "आसं काय करतीस? सांग की त्यास्नी."

ती पुन्हा चित्राकडे वळली.

"हिचं म्हायार म्हंजे..." त्यानं स्वतःच सुरुवात केली आणि तोही थांबला. हसू थोडा वेळ त्याच्या तोंडावर तसंच राहिलं.

"लग्नाला यांच्याकडचं कोण आलं होतं?" मी भाऊसोला विचारलं.

त्यानं आठवून बघितलं. वर पंख्याकडे बघितलं. "मांडव आमच्या दारात हुता," तो सावकाश म्हणाला. "आमची समदी हुती. हिच्याकडनं..."

अंजनाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. चित्रावरची तिची नजर ढळत नव्हती.

भाऊसो बायकोकडे बघत राहिला. प्रवासात अनोळखी बाईच्या हातात आपलं गाठोडं दिसावं, तसा. मग तो पुढं झाला, तिच्या कडेवरून मुलीला उचलून घेतलं, आणि तिला छातीशी घट्ट धरून दाराजवळ, बायकोपासून लांब जाऊन उभा राहिला.