पान्याला दिलेली ओ

टॉर्च बंद कर रे आधी. तोंडावर काय मारतोस, मी काय भूत आहे? हां, बसा आता. ही गोष्ट मार्तंडची. आमच्या मरोळच्या चाळीत भिंतीला भिंत लावून राहायचा तो. ऐकीव नाही ही. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्या.

मार्तंड मेकॅनिक. गाडीच्या पुढच्या भागाचा, म्हणजे चाकं, अ‍ॅक्सल, स्टिअरिंग. मेव्हणा दादू त्याचा भागीदार. इंडस्ट्रियल इस्टेटीत दोघांची शेड होती आणि शेजारी प्रेस मशीन दिवसभर धाडधाड चालायची. बोललेलं ऐकू यायची बोंब. म्हणून दोघांनी एक रीत पाडली होती. दादू गाडीखाली, मार्तंड स्टिअरिंगवर. दादूने पान्याने अ‍ॅक्सलवर दोनदा ठोकलं, टक टक, की याने 'ओ' म्हणायचं आणि चाक थोडं वळवायचं. पुन्हा टक टक, पुन्हा ओ. भराभर ठोकलं तर मात्र थांब, हात अडकलाय. इतकं अंगवळणी पडलं होतं की घरात बायकोने, जयाने, ताट आपटलं तरी हा झोपेत 'ओ' म्हणायचा आणि बिचारी कपाळाला हात लावायची.

साल चौऱ्याऐंशी. दिवाळीनंतर मढचे तुळशीदास कोळी एक जुनी जीप घेऊन आले. चारही चाकांना जोर मिळणारी, वाळूतून होड्या ओढायला घेतलेली. म्हणाले, "पुढं डाव्या अंगाला वाजतं." मार्तंडने जीप उचलून धरली, चाकं फिरवली, लांब पेचकस कानाला लावून एकेक सांधा ऐकला. आवाज नाही. तरी बेअरिंगं बदलली, बुश बदलले. जीप मढला गेली की वाजायची, मरोळला आली की मुकी. मार्तंडची अक्कल गुंग झाली.

तिसऱ्या खेपेला म्हातारा शेडच्या उंबऱ्यावरच बसला.

"मना सांगायचं नव्हतं रे. माजा लहू याच गाडीखाली गेला."

मे महिन्यातली गोष्ट. होडी ओढताना दोर अ‍ॅक्सलला गुंडाळला. लहू सोडवायला खाली शिरला आणि ओली वाळू खचली. जीप छातीवर बसली. किनाऱ्यावर कुणाच्या तरी हळदीचा बँड वाजत होता, कुणाला काही ऐकू गेलं नाही. मग भरती आली. ओहोटीला त्याला बाहेर काढला तेव्हा पाना मुठीत होता. उजव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट लहानपणीच दोरात गेलेलं, तरी उरलेल्या तीन बोटांनी पाना असा आवळलेला की सुटेना.

"सून माजी, सगुणा. ती सांगते, तोच ठोकतो. रातभर गाडीपाशी बसते. रडत नाय, जेवत नाय. काल उठवायला गेलो, तर पाय धरंना तिचे. तू एक मोडकं बेरिंग काढ आनि दे तिच्या हातात. सांग, हेच वाजत व्हतं. नायतर ती पन जाईल, बाबा."

मोडकी बेअरिंगं शेडमध्ये ढिगाने पडलेली. पण दिलं आणि रात्री परत वाजलं, तर? पोरगी उरलीसुरली खचली असती. आवाज खरंच थांबायला हवा होता. मार्तंड म्हणाला, "मी तिकडेच येतो. वाजताना ऐकतो."

तो दिवस बावीस डिसेंबर, शनिवार, मार्गशीर्षातली अमावास्या. जया म्हणाली, "आजचाच मुहूर्त मिळाला का? शनी-अमावास्या!"

"अमावास्येलाच जास्त वाजतं म्हणतात. ताप असतानाच डॉक्टरला बोलवायचं ना गं?" असं म्हणून तो आणि दादू निघाले. मालाडहून मार्वे रोडने वळसा घालून मढला पोचेपर्यंत अंधार पडला होता.

जीप वाळूत उभी. शेजारी पालथ्या टोपलीवर सगुणा. नुसती हाडं उरलेली. मार्तंड म्हणाला, "वहिनी, घरी जा. काय वाजत होतं ते सकाळी दाखवतो."

"काढाल त्याला?" तिने विचारलं.

'ते' म्हणाली नाही ती. 'त्याला' म्हणाली. मार्तंडच्या ते लक्षात आलं. पण बोलून गेला, "काढतो."

ती गेली. दादू बॅटरी घेऊन खाली शिरला. मार्तंड सीटवर बसला, इंजिन चालू केलं. पाणी अजून लांब होतं.

टक टक.

"ओ!" चाक वळवलं.

टक टक.

"ओ!"

टक टक.

"ओ रे, ओ!"

आणि समोरून, गावाकडून, दादू चालत आला.

"सेल गेले बॅटरीचे. ओरडून सांगितलं होतं, इंजिनात ऐकलं नसशील. तुळशीदासांकडून आणले." मग थबकला. "तू... ओ कुणाला देतोयस?"

आता तुम्हाला ठाऊकच आहे. रात्री पहिल्या हाकेला ओ देऊ नये. मार्तंडलाही आईने लहानपणीच बजावलं होतं. हाक आली असती तर तो गप्प बसला असता. पण पान्याच्या ठोक्याला कोण विचार करतो?

त्याने इंजिन बंद केलं.

टकटकटकटकटक...

भराभर. थांब. हात अडकलाय.

"पळ!" दादू म्हणाला. मार्तंडने उलट खाली उडी मारली. बॅटरी मारली. अ‍ॅक्सलखाली कुणी नाही. नुसती वाळू. तरी ठोके चालूच. तो हातांनी उकरायला लागला. शिव्या देत दादूही उकरायला लागला. खड्डा पडायचा, पाणी भरायचं, वाळू परत बसायची. पुन्हा उकरायचं. पुन्हा तेच.

"लहू! ओ! ओ, लहू! आहे मी!"

भरती आली. गुडघ्याला... कमरेला... मार्तंड आडवा झाला. खांद्यापर्यंत हात वाळूत घातला.

आणि कुणीतरी मनगट धरलं.

गार.

दादूने मागून कमरेला मिठी मारली. "सोड, मार्तंड! मरशील!" मार्तंड सोड म्हणत नव्हता. ओढ म्हणत होता. पाणी हनुवटीला आलं. नाकात गेलं. ठोके हळू झाले. टक...... टक.........

मग काहीच नाही.

मार्तंडने हात सोडला नाही, पोरांनो. त्यानेच सोडला.

सकाळी सगुणा आपल्या घराच्या दारात उभी होती. तळहात पुढे केला. "दाखवा."

काय दाखवणार? मार्तंड लहान मुलासारखा रडायला लागला. "नाही काढता आला, वहिनी. खूप केलं. नाही आला." आणि रिकामा हात पुढे केला.

मनगटावर काळ्या ग्रीसचा ठसा होता. अंगठा आणि तीन बोटं. मध्ये एका बोटाची जागा कोरी.

सगुणाने एकेका डागावर आपलं बोट ठेवलं. कोऱ्या जागेशी थांबली.

"ओ दिली तुमी त्याला?"

"दिली."

ती मटकन खाली बसली आणि हंबरडा फोडला. मेपासून पहिल्यांदा. सगळी वाडी गोळा झाली. दुपारी सासऱ्याने पेज पुढे ठेवली, ती तिने प्यायली. जीप पुढे कितीतरी वर्षं होड्या ओढत होती, पण पुन्हा कधी वाजली नाही.

ठसा मात्र गेला नाही. रॉकेल झालं, साबण झाला, काथ्याने घासून कातडी सोलली. गोंदल्यासारखा बसला होता. मी रोज बघायचो, नळावर.

गेल्या वर्षी मार्तंड गेला. शेवटची आंघोळ घालायला मीच होतो. पाणी ओतलं, मनगट अंगठ्याने पुसलं...

माझ्या अंगठ्याला काळं लागलं. ग्रीस ओलं होतं.