रद्दीतली एकसष्ट पुस्तकं

योगराजने पोतं टेबलावर उपडं केलं. एकसष्ट कोरी पुस्तकं. सगळी त्याच्याच जळगावच्या दुकानातली, आणि सापडली धुळ्यात, रद्दीवाल्याच्या काट्यावर.

"चोर घरातलाच आहे, ताई. अभिमन. वीस वर्षं दुकान त्याच्या हातात दिलं मी. उद्या पोलिसांत देणार आहे त्याला."

खासगी तपास करणाऱ्या मेघा साळुंकेंनी एक पुस्तक मागून उघडलं. शेवटच्या पानावर दुकानाचा शिक्का होता, खाली तारीख.

"हा कधी मारता?"

"बिल फाडल्यावर. पण शिक्का त्याच्याच हातात असतो ना."

दुकानात जाऊन ताईंनी बिलं काढायला लावली. एकसष्टच्या एकसष्ट पुस्तकांची बिलं होती आणि पैसे गल्ल्यात जमा होते. गिऱ्हाइकं साक्री, शिरपूर, वरणगावची. ऑर्डर फोनवरची, पैसे रोख, तारीख दर महिन्याची दोन किंवा तीन.

पुस्तकं मात्र सगळी कवितांची, दोन-अडीच हजार किमतीच्या सचित्र आवृत्त्या. जादा कमिशनच्या मोहाने योगराजने ती परत न करण्याच्या बोलीवर घेतली होती, आणि ती वर्षानुवर्षं धूळ खात पडली होती.

"पूर्ण किमतीला घ्यायचं नि किलोवर विकायचं?" ताईंचे मदतनीस, निवृत्त हवालदार हिलाल नाना डोकं खाजवत म्हणाले. "हा घरमालकाचाच डाव. अभिमनला चोर ठरवून दुकान बंद पाडायचं असेल."

घरमालक बन्सीलाल दुकानाच्या वरच राहायचा. "मला इथे मोबाईलचं दुकान काढायचंय, खोटं कशाला बोलू? एक महिना भाडं थकलं की जागा माझी, असा करार आहे. पण दोन वर्षांत एक दिवस उशीर नाही. याला बाहेर काढू कसं?"

मग अभिमनला बोलावलं. ही पुस्तकं धुळ्याच्या रद्दीत सापडली, हे ऐकताच त्याने पोत्यातलं एक पुस्तक उचलून पुसलं.

"रद्दीत? रद्दीत कुणी घातली?"

"धुळ्यात तुमचं कोण असतं?" ताईंनी विचारलं.

"बहीण. भागाबाई. महिन्यातून एकदा जातो."

तेवढ्यात त्याची बायको दिपमाला डबा घेऊन आली. काय चाललंय ते कळताच, नवऱ्याला कामावरून काढू नका म्हणून तिने योगराजपुढे हात जोडले.

"भाऊ, दोन वरीस झायात, अर्धा पगारमा घर चाली राह्यनं. आम्हीन काही बोलनूत नही. पन यासले काढू नका."

योगराजचं डोकं फिरलं. दर एक तारखेला बारा हजार रोख तो स्वतः पाकिटात घालून द्यायचा. "बायकोलाही खोटं बोलायला शिकवलंस?"

"त्या खरंच बोलताहेत," मेघाताई म्हणाल्या. "आणि चोरी झालेलीच नाही. साक्रीचा माणूस फोनवर ऑर्डर देतो, तर पैसेही फोनवरच पाठवेल. रोख घेऊन जळगावला कशाला येईल? म्हणजे ती गिऱ्हाइकं नाहीतच. पगार एक तारखेला, बिलं दोन-तीन तारखेला. घरी पगार निम्मा पोचतो. आणि ज्याच्यावर आळ येतो, तो आधी 'मी चोरली नाही' म्हणतो. या माणसाने विचारलं, रद्दीत कुणी घातली. घरी नेता येत नव्हती म्हणून त्याने ती बहिणीकडे नीट ठेवली होती."

"भागाबाईने माळा आवरला असेल," अभिमन पुटपुटला.

"म्हणजे बिलं याने याच्याच पैशांनी फाडली?" हिलाल नानांनी आ वासला.

दोन वर्षं योगराज बन्सीलालला ऐटीत भाडं देत होता. कविता विकली जाते, असं छातीठोकपणे सांगत होता. आणि त्यानेच दिलेला पगार मागच्या दाराने गल्ल्यात परत येत होता.

"सरळ म्हणायचंस, अर्धा पगार नको."

"तुम्ही त्याच दिवशी कुलूप लावलं असतं, भाऊ."

ते खरंच होतं. योगराजने एक बिल उचललं, दुसरं उचललं. सगळीकडे छापील किंमत होती.

"दुकानातल्या माणसाला वीस टक्के सूट असते," तो कसाबसा म्हणाला. "तीसुद्धा घेतली नाहीस?"

अभिमनने मान खाली घातली.

"सूट घेतली असती, तर भाडं निघालं नसतं, भाऊ."