एक थाप

लालासाहेब फौजेत वीस वर्षं गाड्या दुरुस्त करून घरी परतले होते. गाडीला नजर लागते, गाडी रुसते, असलं कुणी बोललं की त्यांचं टाळकं सरकायचं. गाडीत फक्त बिघाड असतो आणि मालकाच्या अंगात आळस, असं त्यांचं रोखठोक मत. म्हणून त्यांच्या जुन्या हायब्रिड गाडीचं ॲव्हरेज बावीसवरून चौदावर आलं, तेव्हा आधी ते स्वतःच वाकले. चाकांतली हवा बघितली, एअर फिल्टर झाडला, चारी चाकं जॅकवर उचलून हातानं फिरवली. कुठं काही घासत नव्हतं. टाकी फुल करून कवठे महांकाळ ते सांगली दोन फेऱ्या मारल्या. चौदाच.

"कवापासनं पडलंय, काका?" सांगलीच्या गॅरेजात वाजिदनं विचारलं.

"झालं की आठ म्हैने."

वाजिदनं बॉनेट उघडलं. आठ महिन्यांपूर्वी काकांच्या पत्नी अंजनाकाकू गेल्या, हे त्यालाही ठाऊक होतं.

साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. हळू जाताना ही गाडी बॅटरीवर चालते, आवाज करत नाही. अंजनाबाई तिला 'मुकी' म्हणायच्या, आणि रोज सकाळी लालासाहेब अंगणातून गाडी मागं घ्यायला लागले की पदर खोचून मागं उभ्या राहायच्या. खुणा एसटीच्या घंटीसारख्या ठरलेल्या. डिकीवर एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे येऊ द्या. त्या सकाळी गाडी त्यांना घेऊनच हौदाच्या भिंतीला टेकली.

"तिनं दोन थापा मारल्या," लालासाहेबांनी पोलिसांना सांगितलं, भावकीला सांगितलं. गावानं माना हलवल्या. बिचारी, स्वतःच चुकली. मेलेलं माणूस काही उठून खोडून काढायला येत नाही. साताऱ्याहून आलेल्या साक्षीनं, त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, "नक्की दोन?" एवढंच विचारलं. कार्य उरकून ती गेली ती गेलीच. आता या माणसाचं म्हणावं असं तेवढंच एक माणूस उरलं होतं, आणि ते सणालासुद्धा फोन करत नव्हतं.

वाजिदनं मागची सीट काढली, बॅटरीचा पंखा साफ केला, एकेक सेल तपासला. "बॅटरी ठणठणीत हाय," तो म्हणाला आणि त्यानं स्टिअरिंगखाली एक लहानसा स्कॅनर खोचला. "ऱ्हाऊ द्या आठ दिवस. गाडी पेट्रोल कुठं पितीय, ते माज्या मोबाइलवर दिसंल."

नवव्या दिवशी तो फोन न करता घरीच आला. चहा पुढ्यात ठेवला तरी कपाला हात लावेना.

"काका, रोज सकाळी सात-धाला कुठं जाता?"

"कुठं न्हाई. तवा मी मागं न्हाणीत असतो, मोटर लावून. का रं?"

"सात-धाला गाडी चालू व्हतीय. गिअर रिव्हर्सला. ब्रेक दाबलेला. अर्धा तास इंजिन चालतंय, पन गाडी इंचभर हलत न्हाई. पेट्रोल त्यातच जातंय." वाजिदनं आवाज खाली आणला. "ब्रेक कोन दाबतंय, काका?"

"मशीन बिघडलं आसंल तुजं."

"मशीन हवं तर बदलून बघू, पन एकदा गाडीत तुमीच बसून बघा," वाजिद म्हणाला. त्यानं स्कॅनर उपटला आणि मागं न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी लालासाहेब आंघोळीला गेले नाहीत. चावी कपाटात कुलूपबंद केली आणि ते गाडीत जाऊन बसले. ऊन हौदाच्या भिंतीवर आलं होतं. शेजारच्या घरी कुणीतरी भाकरी थापत होतं.

सात-दहाला समोरचे दिवे लागले. इंजिन घुमलं. गिअर आपणहून मागं सरकला.

सवयीनं त्यांचा पाय ब्रेकवर गेला. पेडल आधीच तळाला गेलेलं होतं.

आरशात नुसती भिंत होती.

मग डिकीवर थाप पडली. पसरलेल्या तळव्याची. एकच.

अशीच त्या दिवशीही पडली होती. त्यांनी ती ऐकली होती. पण डोळे स्टिअरिंगमागच्या पडद्यावर होते, तो ॲव्हरेज बावीस पॉइंट चार दाखवत होता, इतकं कधीच मिळालं नव्हतं. त्या आकड्याच्या कौतुकात पाय उशिरा गेला. एवढंच. एवढ्यासाठी त्यांनी मेलेल्या बायकोला चुकीची ठरवली होती.

त्यांनी साक्षीला फोन लावला. तिनं उचलला.

"साक्षे, थाप एकच हुती गं. म्या ऐकली हुती."



"नाही बाबा," ती म्हणाली. "दोनच होत्या. एक आईनं मारली. दुसरी तुम्ही मारलीत."

फोन बंद झाला.

इंजिनही बंद झालं. गाडी पुन्हा मुकी झाली. लालासाहेबांनी दार ओढून बघितलं. उघडेना.

मागून दुसरी थाप पडली.

पेडल वर येऊ लागलं. त्यांनी दोन्ही पायांनी दाबून धरलं, तरी ते सावकाश वर आलं.

आवाज न करता गाडी हौदाकडं निघाली. पडद्यावर आकडा उजळला होता, बावीस पॉइंट चार.