अभ्यास करून सांगतो

"पण कोणी?" सू वान स्वतःशीच पुटपुटली.

पाण्याच्या खोलीत आपल्याशिवाय कोणी नाही, अशी तिची समजूत होती. थर्मास नळाखाली धरून ती सकाळपासून छळणारं वाक्य पुन्हा म्हणाली, "सुधारणा अधिक खोलवर नेल्या पाहिजेत... कोणी नेल्या पाहिजेत?"

"सगळ्यांनी," मागून उत्तर आलं.

तिने वळून पाहिलं. करडा स्वेटर, शाईने माखलेली बोटं आणि हातात तिच्यासारखाच लाल थर्मास.

"'सगळ्यांनी' हा कर्ता नाही. पळवाट आहे," ती म्हणाली. "फ्रेंचमध्ये कर्त्याशिवाय वाक्य उभं राहत नाही. अहवालाच्या मसुदेवाल्यांना ते कोण सांगणार?"

"सांगितलंत की आत्ताच. मी त्यांच्यातलाच आहे. ल्यांग झेन." तो शांतपणे म्हणाला. "आणि तुमचं पाणी सांडतंय."

सत्ताधारी पक्षाचं महाअधिवेशन दोन आठवड्यांवर आलं होतं. तिथे वाचला जाणारा अहवाल सात भाषांत नेण्यासाठी अनुवादकांना पेइचिंगच्या पश्चिमेकडच्या एका हॉटेलात कोंडून ठेवलं होतं. फोन दारातच जमा. प्रत्येक भाषेला एक मजला. मसुदा करणाऱ्यांनी त्यांच्या शंका फेडायला एकच माणूस धाडला होता, तो हा ल्यांग झेन. त्यालाच तेवढी बाहेर जायची मुभा होती.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज चारच्या सुमाराला फ्रेंच विभागात येऊ लागला. शंकांची उत्तरं झाली की कोटाच्या खिशातून गरम चेस्टनटची पुडी काढून तिच्या शब्दकोशावर ठेवायचा.

"हे कशाबद्दल?"

"संबंध दृढ व्हावेत म्हणून."

"कोणाचे? परत कर्ता गाळलात."

तो हसायचा आणि निघून जायचा. त्या हसण्यावर सू वानची अख्खी संध्याकाळ निघायची. ल्वोयांगची ही सत्तावीस वर्षांची मुलगी आजवर कोणाच्या पावलांकडे कान लावून बसली नव्हती. आता मात्र साडेतीन वाजले की वाक्यं दोनदोनदा वाचावी लागत होती.

आठव्या दिवशी एका संज्ञेसाठी ती वरच्या मजल्यावर स्पॅनिश विभागात गेली. छ्याओ युन तिथली सगळ्यांत हुशार अनुवादिका. उंच, मोकळ्या हसण्याची. तिच्या टेबलावर चेस्टनटच्या टरफलांचा ढीग होता. शेजारी ल्यांग झेन खुर्ची उलटी करून बसला होता आणि म्हणत होता, "युन, तू ऐकूनच घेत नाहीस..."

युन. नुसतं युन.

सू वान संज्ञा न विचारताच खाली आली.

फ्रेंच विभागाचे म्याओ सर निवृत्तीला टेकले होते. त्यांनी अशी कितीतरी अधिवेशनं पाहिली होती. नव्या माणसांना ते सांगायचे, "अहवालात काय आहे ते कोणीही वाचतं. मागच्या वेळी होतं आणि या वेळी गळलं, ते शोधा. परदेशी दूतावास तेच शोधतात." सू वान ल्यांग झेनला तसंच वाचू लागली. तो आपल्याला 'सू कॉम्रेड' म्हणतो, थट्टेत का होईना. तिला एकेरी हाक मारतो. आपल्याकडे दहा मिनिटं उभा राहतो, तिच्याकडे बसतो. वर त्या दिवशीच्या पुडीतले चेस्टनट गोड निघाले, याचाही तिला राग आला.

दोन दिवसांनी जेवणघरात छ्याओ युन स्वतःच तिच्या पुढ्यात येऊन बसली.

"तू माझ्याकडे असं बघतेस, जसं मी तुझ्या मजकुरात चूक काढलीय," ती टोमॅटो-अंड्यात नूडल्स कालवत म्हणाली. "विचार ना सरळ."

"काही विचारायचं नाही."

"मग मीच सांगते. आमचं लग्न ठरलं होतं. तीन वर्षं झाली. मीच मोडलं. तो फार सावकाश होता गं. आता माझी लिमाच्या दूतावासात बदली झालीय. त्याला विचारलंय, येतोस का."

सू वानची चॉपस्टिक वाडग्यावरच थांबली. "काय म्हणाला?"

"म्हणाला, अभ्यास करून सांगतो."

कचेरीत 'अभ्यास करून सांगतो' म्हणजे 'नाही', हे शिपायालाही ठाऊक असतं. सू वानचा चेहरा उजळला असावा, कारण छ्याओ युन लगेच म्हणाली, "लगेच खूश होऊ नकोस. तो मसुदेवाला आहे. त्याला खरंच अभ्यास करायची सवय आहे."

त्या दिवसापासून सू वानने शंका छापील अर्जावर लिहून पाठवायला सुरुवात केली. तो चारला आला की ती ग्रंथालयात जायची. चेस्टनट म्याओ सर खायचे.

मग गुरुवारी तिच्या टेबलावर बंद पाकीट आलं. वर तिचं नाव, त्याच्या अक्षरात. आतून माफी निघेल, नाहीतर लिमाची बातमी... दोन्ही नको होतं. तिने पाकीट शब्दकोशाखाली सरकवलं आणि न उघडता तसंच राहू दिलं.

शुक्रवारी सकाळी मजकूर छपाईला जाणार होता. नऊ वाजता छ्याओ युन फ्रेंच विभागाच्या दारात आली, इकडेतिकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मित्रदेशांचा परिच्छेद काढ. नव्या करारांची बोलणी 'योग्य वेळी' सुरू करू, असं तुझ्यात आहे?"

"आहे. मुळातच आहे."

"काल गळलं. 'योग्य वेळी' काढून टाकलंय. ल्यांग झेनने सगळ्या विभागांना पाकिटं वाटली. पोचेच्या यादीत तेवढी तुझी सही नाही. तुला मिळालं नाही?"

सू वानने शब्दकोशाखालचं पाकीट ओढून फोडलं. दोन शब्द. पण ते राहिले असते, तर फ्रेंच वाचणाऱ्या वीसेक देशांच्या दूतावासांनी मायदेशी कळवलं असतं की पेइचिंगला अजून थांबायचंय. बाकीच्यांना कळलं असतं की दार उघडलं. मग कोण कोणाला काय समजावत बसलं असतं...

"तू वरिष्ठांना का नाही कळवलंस?" तिने विचारलं.

"आधी तुला सांगितलं," छ्याओ युन म्हणाली आणि निघून गेली.

सू वानने दोन शब्द खोडले, छपाईवाल्यांना स्वतः जाऊन बदल दिला आणि मग म्याओ सरांसमोर उभी राहिली.

"पाकीट काल मिळालं होतं, सर. मी उघडलं नाही."

"का?"

"मत्सरापायी."

म्याओ सरांनी चष्मा काढून पुसला. "असं कारण नोंदवता येत नाही," ते म्हणाले. "नजरचूक लिही. आणि पोरी, अंगणात जाऊन ये जरा. तो तासभर उभा आहे तिथे."

अंगणात गिंकोची पिवळी पानं पडली होती. ल्यांग झेन त्यांच्याकडे बघत उभा होता.

"माझं अक्षर इतकं वाईट आहे?" त्याने विचारलं.

"तुम्ही लिमाला जाताय?"

"कोण म्हणालं?"

"तुम्ही म्हणालात. अभ्यास करून सांगतो."

"त्याचा अर्थ..."

"अर्थ मला माहीत आहे. तुमच्या बाबतीत खात्री वाटत नाही. आणि चेस्टनट तिलाही देता."

"सातही विभागांना देतो," तो कासावीस होऊन म्हणाला. "एकालाच दिले असते तर हॉटेलभर झालं असतं. अरबीवाले तर दोन पुड्या मागतात."

तिला हसू आलं. तिने ते दाबलं. "मला साधं वाक्य हवंय. एकच अर्थ निघेल असं."

त्याने खिशातून पेन काढलं आणि परत ठेवलं. आठ-आठ दिवस एका परिच्छेदावर घालवणारा माणूस... सू वान थांबली.

"मी लिमाला जाणार नाही," तो म्हणाला. "युनला काल तसं सांगितलं. कारणही सांगितलं. मला तू आवडतेस, सू वान. पाण्याच्या खोलीपासून."

"मग तिला युन का म्हणता?"

"सवय आहे."

"मोडा."

अहवाल वाचला गेला तेव्हा ते दोघं हॉटेलच्या दूरदर्शनसमोर सगळ्यांबरोबर उभे होते. तो परिच्छेद आला आणि सू वानने त्याच्याकडे न बघता श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी फोन परत मिळाले.

नोव्हेंबरात छ्याओ युन निघाली. "मी तिला सोडायला जातोय," ल्यांग झेन म्हणाला.

"मीही येते."

"तुझा विश्वास नाही?"

"विश्वास आहे. तरी येते."

विमानतळावर त्याने छ्याओ युनची जड बॅग काट्यावर ठेवून दिली. ती त्याला काहीतरी म्हणाली. तो मान खाली घालून हसला. सू वान खांबापाशी उभी होती. छ्याओ युनने तिला वाचवलं होतं, हे ती विसरली नव्हती. तरीही ते हसू तिला टोचलं. छ्याओ युनने जाता जाता त्याच्या कोटाची कॉलर सरळ केली, अगदी सहज, जुन्या सवयीने.

मग सू वान चालत गेली. भर गर्दीत, निरोपाला आलेले म्याओ सर आणि अर्धं खातं बघत असताना, तिने ल्यांग झेनच्या दंडात हात अडकवला.

"लिमाला पोचल्यावर पत्र पाठव, युन," ती म्हणाली. "आम्हा दोघांच्या नावाने."