खिडकीखालचा सातवा

सकाळी केस विंचरताना खिडकीतून खाली पाहिलं, तर आमच्या गवतात एक माणूस पालथा पडलेला. मी घाबरून हाक मारली, "अहो, काय झालं? कोण तुम्ही?"

त्याने मान वर केली, ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजला, "हळू बोला... सातवा इथेच कुठेतरी आहे."

आपल्याच घरात आपल्यालाच कुणी गप्प करावं म्हणजे काय! पण त्याच्या कानामागे गवताची काडी अडकली होती, आणि मला राग यायच्या आधी हसू आलं.

तो पक्षी मोजणारा. करकऱ्या नावाचा पक्षी आता अगदी थोडा उरलाय म्हणे. उंच गवतात दडतो, दिसत म्हणून नाही. नर पहाटे ओरडतात, त्या आवाजांवरून मोजायचं. आत्याने मला न विचारताच त्याला फाटकातून आत घेतलं होतं. "मुलगा नम्र आहे," एवढंच तिचं कारण.

गवत आत्याच्या नि माझ्या नावावर. मी गाद्या-उशा शिवते. माझी तीन मशीनं ज्या भाड्याच्या खोलीत चालतात, ती महिनाअखेर सोडायची होती. नवी शेड या गवतावरच उभी राहणार होती. नकाशा तयार, खोदाईवाला ठरलेला.

"सात नर भरले तर जागा राखीव होते," दुसऱ्या दिवशी आत्याच्या हातचा चहा घेत तो म्हणाला. "पाच वर्षं खोदता येत नाही."

"आणि सहा भरले तर?"

"तर मालकाची मर्जी. पण सात आहेत. सातवा तुमच्या खिडकीखाली. विचित्रच आहे जरा... दोन्ही दिवस बरोबर साडेसहाला ओरडला, आणि मी जवळ आलो की गप्प."

"ओरडतो कसा?"

तो लाजला. घसा साफ करून त्याने आवाज काढला — कर्र-कर्र, कर्र-कर्र.

मला ठसकाच लागला. ती माझी फणी होती! डोक्याला घोर लागला की फणीच्या दातांवरून नख फिरवायची माझी लहानपणापासूनची खोड. खोली सोडायचा निरोप आल्यापासून तर रोज सकाळी तेच चाललं होतं.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. शेड वाचली असती. मी तोंड उघडलं आणि विचारलं, "मग मादी काय उत्तर देते?"

"काही नाही," तो कपात बघत म्हणाला. "नुसती येते."

झालं. दुसऱ्या दिवशी साडेसहाला मी मुद्दाम फणी घेऊन खिडकीआड बसले. कर्र-कर्र. तो आला. उद्या सांगू, म्हटलं. उद्याचा परवा झाला. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही... एक उशी मी चारी बाजूंनी शिवून टाकली, कापूस भरायला तोंडच ठेवलं नाही. आत्याने ती उचलून उलटसुलट पाहिली. "ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतेस?" म्हणाली.

आठव्या दिवशी तो फॉर्म घेऊन आला. खाली बसला, पण नजर वर करेना.

"तुमची शेड अडतेय, कळतंय मला," तो म्हणाला. "खूप विचार केला. पण सात आहेत, तर सहा कसे लिहू?"

ते मात्र माझ्याने ऐकवेना. मी खिशातून फणी काढली आणि नख फिरवलं.

त्याने आधी गवताकडे पाहिलं. मग माझ्या हाताकडे.

"कधीपासून?"

"पहिले दोन दिवस नकळत."

"आणि नंतरचे सहा?"

"तुम्ही यावं म्हणून," मी म्हटलं. कान तापले होते, तरी म्हटलं.

त्याने सात खोडून सहा लिहिले. फणी माझ्या हातून घेतली, स्वतःच्या खिशात टाकली. "सातवा जप्त," म्हणाला, पण हसला नाही. "खोदायला मोकळ्या आहात तुम्ही." चहा न घेताच निघून गेला.

मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि घरात पाय टिकेना. पहाटे कान आपोआप मोजू लागले. एक, दोन... सहा. जन्मभर या गवताशेजारी झोपले, कधी ऐकलंच नव्हतं. आता ऐकू येणं थांबेना.

तिसऱ्या दिवशी खोदाईवाल्याचा फोन आला, तेव्हा मी सांगितलं, गवताला हात लावायचा नाही. शेड रस्त्याच्या कडेला, अर्ध्याच मापाची. तिसरं मशीन माझ्या खोलीत बसेल.

"आणि तू झोपणार कुठे?" आत्या म्हणाली.

"तुझ्या खोलीत."

"मला विचारलंस?"

"त्याला आत घेताना तू मला विचारलं होतंस?"

आत्याने संमतीच्या कागदावर गुपचूप सही केली.

त्याच्या कचेरीत मी स्वखुशीने जागा राखण्याचा फॉर्म मागितला. शेवटी 'मालकाची अट' असा रकाना होता. तो भरून मी कागद पुढे सरकवला. त्याने वाचला, पुन्हा वाचला.

"मोजणी वर्षातून एकदाच असते," तो हळूच म्हणाला.

"म्हणून तर अट घातलीय. सातवा सापडेपर्यंत रोज यायचं."

त्याने शिक्का मारला, पोच दिली आणि बाकी एक अक्षर नाही! रस्ताभर मी स्वतःलाच बोल लावत आले. रात्रभर कूस बदलत राहिले.

सकाळी केस सोडून खिडकीशी बसले. सवयीने हात फणीकडे गेला, तर फणी कुठली असायला... घड्याळात साडेसहा वाजले.

आणि खिडकीखालून आवाज आला. कर्र-कर्र, कर्र-कर्र.

मी उत्तर दिलं नाही. नुसती खाली गेले.