आत घेतलेली पोलकी

“सही पाहिजे ना? मग आईला पाठव,” अण्णाराव म्हणाले आणि देवयानीचा कागद त्यांनी चष्म्याच्या डबीखाली दाबून ठेवला.

देवयानी त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. डॉक्टर झाल्यावर ती आता मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर अभ्यास करत होती. वर्षापूर्वी त्याच रोगानं तिची काकू, वैजयंती गेली. ऑपरेशनात काढलेली गाठ दवाखान्यात मेणाच्या वडीत जपून ठेवलेली होती, आणि तिचा बारीकसा काप तपासायला काकांची परवानगी हवी होती.

“काका, चरबी नुसती अंगावर पडून नसते. ती रक्तात हार्मोन सोडते. आतड्याच्या पेशींवर ते धरून घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. गाठीत त्या बदलतात का, ते बघायचंय.”

“म्हणजे मेल्यावरपण तिच्या चरबीवरच बोट.”

“तसं नाही हो काका...”

पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. या दिवसाची ते वर्षभर वाट बघत होते. वैजयंती अंगानं भरलेली. देवयानीच्या आईनं, दाक्षायणीनं, जावेला अर्ध्या भाकरीवर आणलं. चार महिन्यांत बारा किलो उतरले. घरानं कौतुक केलं, दाक्षायणीनं तर नवी इरकल साडी नेसवली... आणि वजन उतरवत होता तो आतला रोग. तेराव्याला गावाकडच्या, कुंभारीच्या सगळ्या भावकीसमोर अण्णाराव म्हणाले होते, “हिनं माझ्या बायकोला उपाशी मारलं.” दाक्षायणी एक शब्द बोलली नव्हती. त्यानंतर लग्नकार्यात बायका तिच्याशेजारी बसेनात. ते कानावर आलं की अण्णारावांना त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

रविवारी दाक्षायणी लेकीबरोबर जुळे सोलापूरला अण्णारावांच्या घरी आली आणि दारातच थांबली.

“आत ये,” अण्णाराव म्हणाले. “तिच्या फोटोसमोर सांग, मी मारलं म्हणून. पोरीदेखत.”

“चल गं आई,” देवयानी दारातूनच वळली. “एका कापावाचून माझं काही अडत नाही.”

“थांब तू.” दाक्षायणी फोटोसमोर गेली. “अक्का, अर्धी भाकरी मीच वाढली. चुकलं माझं.” मग ती वळली. “झालं भावजी? आता पोरीला सही द्या.”

ती रडेल, पाया पडेल, असं अण्णारावांना वाटलं होतं. ती नुसती त्यांच्याकडं बघत राहिली, आणि त्या नजरेत त्यांना कळलं की हिलाही ती दुपार आठवतेय.

त्या दुपारी ती याच खोलीत म्हणाली होती, “भावजी, अक्का आता पोटभर खाती, तरी उतरतीच हाय. संडासला रक्त जातंय म्हणती. दवाखान्यात दाखवा की.” आणि ते हसले होते. “मूळव्याध असंल. ती बारीक झालेली तुला बघवंना व्हय?” संध्याकाळी ते स्वतः वैजयंतीची पोलकी शिंप्याकडं घेऊन गेले होते, दोन दोन बोटं आत घ्यायला. महिन्यानं पुन्हा एकदा.

“तेराव्याला का सांगितलं नाहीस?” त्यांनी विचारलं.

“अक्कानं शेवटी हात धरला माझा. म्हणली, त्यांनी ऐकलं न्हाई हे त्यांना आठवू देऊ नको, एकट्याला झेपायचं न्हाई. दोष तुझ्यावर घालतील, घालू दे...” तिनं पदर तोंडाला लावला. “घेतलं घालून.”

“काय ऐकलं नाही?” देवयानी दोघांकडं बघत होती.

अण्णाराव गप्प बसले असते तरी चाललं असतं. दाक्षायणी मान हलवून तेच सांगत होती.

“तुझ्या आईनं मला वेळेत सांगितलं होतं,” अण्णाराव म्हणाले. “रक्त जातंय म्हणून. मी हसलो.”

त्यांनी डबीखालचा कागद ओढून सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं. देवयानीनं कागद घेतला, आणि तसाच त्यांचा हातही धरून ठेवला.

दाक्षायणी डोळे पुसून न विचारता स्वयंपाकघरात गेली. वर्षानंतर त्या ओट्यावर पीठ मळल्याचा आवाज आला.

अण्णारावांनी भावाला फोन लावला. “पुढच्या रविवारी सगळ्या भावकीला बोलव. तेराव्याला होते तेवढे सगळे. एकपण कमी नको.”